लाइन कव्हा येईन?

मंठा तालुक्यातल्या कुठल्याही गावात, पारावर, विहिरीच्या काठावर किंवा फोनवर, एक वाक्य दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडतं. ‘लाइन कव्हा येईन?’ शब्द तीनच. त्यातला एक इंग्रजी, एक मराठवाडी, आणि तिसरा असा की पुण्यातल्या व्याकरणाच्या शिक्षकानं ऐकला तर लगेच लाल शाईचं पेन काढावं. हे वाक्य कुणा कवीचं नाही, कुठल्या संग्रहात नाही. तरीही ते कवितेच्या ओळीसारखं थांबून वाचावं असं मला फार दिवसांपासून वाटतंय. दहावीच्या पेपरात रसग्रहण मागतात तेव्हा आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे कप्पे पाडून देतात. मुलं इमानेइतबारे कप्पे भरतात आणि कविता बाहेरच राहते. ते कप्पे इथं नकोत. सुरुवातही शेवटच्या शब्दापासून करू.

प्रमाण मराठीत ‘येईन’ म्हणणारा ‘मी’ असतो. मी येईन, तो येईल. जालना-परभणीच्या पट्ट्यात आणि पलीकडच्या वऱ्हाडात मात्र तृतीयपुरुषालाही ‘न’च लागतो. पाऊस येईन, मामा येईन, निकाल लागंन. मंठा या दोन्ही मुलखांच्या सांध्यावर आहे. उत्तरेला लोणार, म्हणजे बुलढाणा जिल्हा. पूर्वेला जिंतूर, म्हणजे परभणी. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून काढून इकडे जोडला. मंठा त्या वेळी परतुरातच होतं. जिल्हा बदलला, बोली तीच राहिली. त्यामुळे इथं ‘लाइन येईन’ हे सरळ, बिनचूक मराठी आहे.

पण बाहेरच्या माणसाच्या कानाला ते वेगळं ऐकू येतं. त्याला वाटतं लाइन स्वतःच बोलतेय, ‘मी येईन’. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात हा श्लेष नाही, हे कबूल. तो ऐकणाऱ्याच्या कानात तयार होतो. तरी त्या कानानं एकदा ऐकून बघा. ‘लाइन कव्हा येईन?’ ‘येईन की.’ कोण येणार, कोण सांगतंय आणि कुणाच्या वतीनं, या तीनही गोष्टींचं कोडं त्या एका ‘न’मध्ये बसलेलं आहे. सांगणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. तरी त्याचं उत्तर वचन दिल्यासारखं वाटतं.

मधला शब्द ‘कव्हा’. विचारणारा ‘किती वाजता’ म्हणत नाही, हे लक्षात घ्यावं. खरं तर वेळापत्रक असतं. शेतीपंपांना थ्री फेज वीज आठ तासांची, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री, असे फेरे लावून दिलेले असतात आणि ते गावात सगळ्यांना पाठ असतात. तरी प्रश्न ‘कव्हा’ असाच येतो. घड्याळातली वेळ ज्याला ठाऊक आहे तोच माणूस ‘कव्हा’ विचारतो, कारण वेळापत्रक आणि येणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला अनुभवानं कळलेलं असतं. ‘कव्हा’मध्ये पावसाचा प्रश्न मुरलेला आहे. मिरग कोरडा गेला की ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात.

आता पहिला शब्द. त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

घरात गेली ती ‘लाइट’, वावरातून गेली ती ‘लाइन’, अशी या भागात साधारण वाटणी आहे. काटेकोर नाही, पण कान देऊन ऐकलं तर जाणवते. घरातल्या बाईला दिवा, पंखा, मिक्सर दिसतो; तिच्या शब्दात उजेड आहे. वावरातल्या माणसाला खांबावरून खांबावर गेलेली तार दिसते. त्याच्या शब्दात तार आहे. एकच वस्तू, पण दोघांनी ती दोन टोकांना धरलेली. आणि ‘वीज’? तो शब्द दोघंही टाळतात. त्याला भाषेचं नाही, आभाळाचं कारण आहे. मराठवाड्यात वीज म्हणजे जी पडते ती. उन्हाळ्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात झाडाखाली उभ्या राहिलेल्या माणसावर, बांधलेल्या बैलावर पडते ती. ‘वीज आली’ म्हटलं तर माणूस स्टार्टरकडे न धावता आधी वर बघेल. जीव घेणाऱ्या शब्दाला मोटार चालवायला लावायचं नाही, असा काही ठराव कुणी केला नाही. पण भाषा असे ठराव न मांडताच मंजूर करते.

लाइन स्त्रीलिंगी का? हिंदी-उर्दूतही ती स्त्रीलिंगीच आहे आणि निजामाच्या राज्यात दरबारी भाषा उर्दू होती, तेव्हा वाट तिकडूनही असेल. पण मराठीत तिच्या स्वागताला उभ्या असलेल्या शब्दांची यादी बघा. ओळ, रांग, रेघ, दोरी, तार, वीज. एकूण एक बायका. या घोळक्यात पुल्लिंगी होऊन वावरणं कुठल्याही शब्दाला जमलं नसतं. अनेकवचन करताना तिनं ‘रांगा’, ‘तारा’ यांची चाल सोडून ‘ओळी’ची चाल उचलली आणि ‘लाइनी’ झाली. विभक्ती लागली की ‘लायनीत’, ‘लायनीवर’. बॅगची बॅगा झाली, बँकेची बँका झाली, पण लाइनीनं ओळीलाच थोरली बहीण मानलं. शब्द परका आहे की घरचा हे ठरवायचं तर त्याचा जन्मदाखला मागू नये. त्याला विभक्ती कशी बसते ते बघावं.

जन्मदाखला मात्र मागितलाच तर मोठी मौज आहे.

लॅटिन भाषेत ‘लिनुम’ म्हणजे जवस. जवसाच्या खोडातून जो धागा निघतो त्याची दोरी म्हणजे ‘लिनेआ’. ही दोरी ताणून सरळ रेघ मारायची, म्हणून पुढे रेघेलाही तेच नाव. जुन्या इंग्रजीत ‘लीने’ म्हणजे दोर आणि ओळ. फ्रेंचातून ‘लीन्य’ आला. मध्ययुगात दोन्ही एकमेकांत मिसळून आजचा ‘लाइन’ तयार झाला. लिनन कापड, अलशीचं लिनसीड, फरशीवर अंथरायचं लिनोलियम, हे सगळे त्याचे सख्खे. मंठ्याच्या बाजारातला शिंपी ब्लाउजला ‘लायनिंग लावू का?’ विचारतो तेव्हा तोही नकळत जवसाचंच नाव घेतो. युरोपात कपड्याला आतून लिननचं अस्तर लावत, म्हणून अस्तराचं नाव लायनिंग. जवसाचं बी खाणारा एक छोटा पक्षी तिकडे आहे, त्याचं नावही लिनेट. एका रोपानं किती शब्दांना पोसावं!

लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ मध्ये या रोपाला शास्त्रीय नाव दिलं ते ‘लिनुम उसितातिस्सिमुम’, म्हणजे ‘अतिशय उपयोगाचा जवस’. शास्त्रीय नावात असा कौतुकाचा स्वर क्वचितच ऐकू येतो.

आपल्याकडे जवसाचं काय? रब्बीत गव्हाच्या, हरभऱ्याच्या कडेनं दोन-चार तासं जवसाची टाकायची चाल मराठवाड्यात जुनी आहे. निळी फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळूनही जातात; उशिरा उठणाऱ्यानं जवस फुललेला बघितलेलाच नसतो. बी भाजून, लसूण-तिखट घालून कुटलेली चटणी आणि ज्वारीची भाकर, हा इथला रोजचा घास. तेल काढलं तर ते रंगात जातं, क्रिकेटच्या बॅटला पाजलं जातं. पण धागा? तो आपण काढत नाही. आपल्याकडचं वाण बियांचं, ठेंगणं आणि फांद्या फुटणारं. धाग्याचा जवस उंच आणि सडसडीत वाढतो. दोराचं काम इथं अंबाडीनं केलं. अंबाडीच्या काड्या पाण्यात कुजवायच्या, वाख सोलायचा आणि त्याचा कासरा, दावं, सोल वळायचा. संस्कृतात जवसाला ‘क्षुमा’ असं नाव आहे आणि त्याच्या वस्त्राला ‘क्षौम’, म्हणजे धागा काढायची विद्या आपल्याकडे कधीकाळी होती. पुढे कापसानं बाकी सगळ्यांची सुट्टी केली.

तर हिशेब असा. ज्या रोपाचं बी मंठ्याच्या माणसानं भाकरीबरोबर खाल्लं, त्याच रोपाचा धागा दुसऱ्या एका देशात दोरी झाला, दोरीची रेघ झाली, रेघेची तार झाली, आणि ती तार खांबांवरून फिरत फिरत पुन्हा त्याच वावराच्या बांधावर आली. जवसाला ओलित द्यायचं म्हणून माणूस लाइनीची वाट बघतो, तेव्हा शब्दाच्या पोटात जवसच जवसाची वाट बघत असतो. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण रसग्रहणात सिद्धतेला काय किंमत!

लाइनीचा मूळचा दोरी हा अर्थ इंग्रजीत आता मासेमारांकडे आणि कपडे वाळत घालणाऱ्यांकडे उरलाय. मराठीत तो कुणाकडे असावा? गवंड्याकडे. भिंतीचा थर सरळ यावा म्हणून दोन टोकांना खिळे मारून जी दोरी ताणतात तिला मिस्त्री ‘लाइनदोरी’ म्हणतो. म्हणजे दोरीदोरी. पाणी-बिणी, भाकर-तुकडा अशी जोडी लावायची आपल्या भाषेला हौस आहेच, पण इथली जोडी बघण्यासारखी आहे. पहिला शब्द युरोपभर हिंडून आपला मूळ अर्थ विसरला आणि गवंड्यानं, काहीही माहीत नसताना, तो अर्थ त्याच्या शेजारी आणून बांधला. व्युत्पत्तीच्या प्राध्यापकाला ही दुरुस्ती करायला एक टिपण लिहावं लागलं असतं.

दोरीवरून सूत आठवतं. सुतार, गवंडी अजून इंचाचे आठ सूत मोजतात. ‘सूतभर बाहेर आलंय’ म्हणतात. सूत्र धरणारा तो सूत्रधार, आणि त्याचाच सुतार. आणि दोघांचं ‘सूत जुळलं’ म्हणजे काय ते सांगायला नको. आता ‘लाइन मारणे’ त्याच्या शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे धागाच आहे. पण सूत जुळतं ते दोघांचं. त्यात जुळवणारा कुणी नसतो, ते आपोआप होतं. लाइन मारतो तो एकटा. एस.टी. स्टँडवर, कॉलेजच्या फाटकापाशी, समोरच्या बाजूनं काही आलं नाही तरी त्याची लाइन चालूच. मग तिच्याकडून ‘लाइन देणे’ असा दुसरा प्रयोग तयार करावा लागला, म्हणजे हिशेब पुरा झाला. एकाचं मारणं, दुसरीचं देणं. यात प्रेमापेक्षा कनेक्शनचा अर्ज जास्त आहे. ‘सूत जुळणे’ हा वाक्प्रचार मला थोर वाटतो, ‘लाइन मारणे’ वात्रट वाटतो. पण वात्रटपणा खरा आहे, आणि ‘मारणे’ या क्रियापदानं स्वतःची जात लपवलेली नाही.

हा शब्द या भागात वीज येण्याच्या कितीतरी आधी येऊन बसला होता. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज १९०० च्या सुमारास सुरू झाली. परतूर त्या लायनीवर आलं, मंठा राहिलं. ‘लायनीवरचं गाव’ आणि ‘आडचं गाव’ ही प्रतिष्ठेची विभागणी तेव्हापासूनची. मंठ्याच्या माणसाला आजही रेल्वे धरायची तर परतूर गाठावं लागतं. ‘लाइन क्लिअर आहे’ हा रेल्वेचा शब्द. पुढच्या स्टेशनापर्यंत रूळ मोकळा आहे असा त्याचा अर्थ, आणि आज तो लग्नाच्या बोलणीपासून तिकिटाच्या राजकारणापर्यंत कुठंही चालतो. दुसरी वाट छावणीची. सैनिकांच्या बराकी ओळीनं बांधायचे, त्या वस्तीलाच ‘लाइन्स’ म्हणायचे. मुंबईच्या मरीन लाइन्सचं नाव त्यातलंच. जालन्याला हैदराबाद कॉन्टिन्जंटची छावणी होती. छावण्या उठल्या, ‘पोलीस लाइन’ राहिली. ‘तिचा भाऊ पोलीस लायनीत राहतो’ या वाक्यात पत्ता कमी आणि धाक जास्त असतो.

रांगेच्या अर्थानं लाइन आली त्यातही एक गंमत आहे. इंग्लंडातला माणूस रांगेला ‘क्यू’ म्हणतो. फ्रेंचातून आलेला शब्द, मूळ अर्थ शेपूट. या अर्थानं तो इंग्रजीत एकोणिसाव्या शतकातच रुळला. देशावर राज्य इंग्लंडचं असून आपण मात्र ‘क्यू’ घेतला नाही. अमेरिकन माणूस म्हणतो तशी ‘लाइन’ लावली. अमेरिकेचं अनुकरण करायला तेव्हा मंठ्यात कुणी नव्हतं; शाळेतल्या कवायतीनं, पोलीस भरतीनं आणि रेशन दुकानानं हा शब्द रुजवला असणार. शेपटाला उभं राहणं आपल्याला तसंही रुचलं नसतं. खतासाठी लाइन, पीककर्जासाठी लाइन, नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत आपल्याच पैशासाठी लाइन. रांगेत आणि लायनीत थोडा फरक मात्र आहे. वारीत, पंगतीत, दर्शनाला ‘रांग’ असते. खिडकीसमोर ‘लाइन’ असते. जिथं देव किंवा जेवण मिळायची खात्री आहे ती रांग. जिथं आपला नंबर येईपर्यंत माल संपेल अशी धाकधूक आहे ती लाइन. अपवाद असतील, पण मी हा फरक बऱ्याच तोंडून ऐकलाय.

धंद्याच्या अर्थानंही लाइन असते. ‘पोरगं कोन्त्या लायनीला हाय?’ सायन्स लाइन, ड्रायव्हर लाइन, फायनान्स लाइन. ‘त्या लायनीला जाऊ नको’ असं म्हातारा सांगतो तेव्हा त्या लायनीचं नाव कधीच घेत नाही. आणि ‘लायनीवर आणणे’ म्हणजे वाकडं चालणाऱ्याला सरळ करणं. लॅटिनमध्ये नांगरानं पाडलेल्या ओळीला ‘लिरा’ म्हणत. ओळ सोडून गेला तो ‘डेलिरियम’चा रोगी. म्हणजे डॉक्टर ज्याला बडबड, भ्रम म्हणतात तो मुळात बैल तास सोडून गेल्याचा प्रकार. लायनीवर आणायची कल्पना आपल्याकडे कुठून आली ते सांगता येत नाही, पण तिफणीमागे चाललेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागली नसणार.

हे सगळे अर्थ मंठ्यात रोज चालतात. पण ‘लाइन कव्हा येईन’ मधली लाइन या सगळ्यांपेक्षा निराळी आहे. ती का, हे सांगायला जुन्या काव्यशास्त्राचा आधार घेतो.

शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्यात: अभिधा, लक्षणा, व्यंजना. लाइन म्हणजे तार, ही अभिधा. गंगेवर गौळवाडा आहे म्हटलं तर प्रवाहावर घरं कशी असतील, म्हणून काठ असा अर्थ घ्यायचा, ही लक्षणा. शास्त्रातलं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. ‘लाइन आली’ हे त्याहून सरस आहे, असं माझं मत. तार काही येत-जात नाही. ती खांबाला बांधलेली आहे, ऊन-पाऊस खात तिथंच आहे. येतो-जातो तो तिच्यातला प्रवाह. गंगेच्या उदाहरणात प्रवाह म्हणून काठ घ्यायचा. इथं उलट, काठ म्हणून प्रवाह. शिवाय गंगेचा दाखला शिकवावा लागतो आणि हा पाच वर्षांच्या पोरालाही कळतो.

त्यात आणखी चेतनगुणोक्ती. लाइन येती, जाती, रुसती, लपंडाव करती, ‘आत्ता व्हती, गेली’. मराठीत ज्या गोष्टीवर आपला ताबा नाही तिला येण्या-जाण्याची क्रियापदं देतात. ताप येतो, झोप येते, पाऊस येतो, राग येतो. लाइनीला या मंडळींत बसवलं, तिथंच तिचं स्थान ठरलं. शहरातला माणूस ‘लाइट लावतो’, म्हणजे कर्ता तो. वावरातल्या माणसाची लाइन ‘येते’, म्हणजे कर्ती ती. बटण एकच.

आणि व्यंजना. ‘या आठवड्यात रात्रीची लाइन हाय.’ हे वाक्य घरात उच्चारलं की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे जेवण लवकर. म्हणजे बॅटरी चार्ज करून ठेवा. म्हणजे थंडीत मफलर बांधून, हातात काठी घेऊन, मोबाइलवर गाणी लावत माणूस एकटा वावरात जाणार. दारं धरणार, एक सरी भरली की माती ओढून पाणी दुसरीत वळवणार. म्हणजे चिखलात अनवाणी पाय आणि गवतात काय आहे ते दिसत नाही. म्हणजे रानडुकरं. म्हणजे घरात बाई अर्धवट झोपेत, फोन उशाशी. यातलं काहीच वाक्यात नाही. ‘रात्रीची लाइन’ एवढंच आहे. ज्याला ‘ध्वनी’ म्हणजे काय हे पुस्तकातून कळलं नसेल त्यानं हे दोन शब्द हिवाळ्यात, हरभरा फुलावर असताना ऐकावेत.

या एका शब्दाभोवती आणखी किती शब्द जमलेत बघा. ट्रान्सफॉर्मर म्हणजे ‘डीपी’. वरचा फ्यूज उडाला तर ‘डीओ पडला’. तारेवर काठीनं अडकवलेली वायर म्हणजे ‘आकडा’. लाइन आली की मोटार आपोआप चालू करणारं यंत्र म्हणजे ‘ऑटो’; ते लावू नका असं वीज कंपनी सांगत असते, कारण लाइन येताच सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपीवर एकाच क्षणी भार पडतो. शेतकरी तरी लावतो, कारण रात्री दोनला उठायचं त्याला वाचतं. कुणाचं चुकलं, हे मी ठरवणार नाही. ज्याला रात्री दोनला उठावं लागत नाही त्यानं ठरवूही नये. आणि खुद्द तारेची नावं! अॅल्युमिनिअमच्या पिळाच्या, पोलादी गाभ्याच्या तारांना जाडीप्रमाणं प्राण्यांची नावं आहेत: वीझल, रॅबिट, रकून, डॉग. ही ब्रिटिश पद्धत. म्हणजे डोक्यावरून ससे आणि कुत्रे धावत असतात, आणि खाली माणूस रानडुकराला भितो.

खांबावर चढणारा तो लाइनमन. गावात ‘लायनमन’, बऱ्याच ठिकाणी ‘वायरमन’. सरकारी मराठीनं त्याला ‘तारतंत्री’ केलं. शब्द कानाला गोड आहे. सतार वाजवणारा कुणी असावा असं वाटतं. वीज मंडळाचे तुकडे होऊन २००५ मध्ये महावितरण कंपनी झाली आणि पुढं तिनं त्याला ‘जनमित्र’ म्हणायला सुरुवात केली. हेतू चांगलाच आहे. पण लाइन चार दिवस गेलेली असताना ‘जनमित्र कुठंय?’ असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. ४ मार्चला देशभर त्याच्या नावाचा दिवस पाळतात, तोही ‘लाइनमन दिवस’ म्हणून. सावरकरांनी दिलेले दूरध्वनी, महापौर असे शब्द टिकले, कारण ते वस्तूच्या किंवा पदाच्या बरोबरीनं आले. लाइनीच्या बाबतीत शब्द आधी जिभेवर बसला आणि प्रतिशब्द मागाहून फायलीतून आला. ‘वाहिनी’ हा शब्द वाईट नाही. नदीचं नाव आहे ते. पण तो पत्रकात राहिला. ‘तांत्रिक बिघाडामुळे वाहिनीवरील पुरवठा खंडित’ असा संदेश मोबाइलवर येतो, तो वाचून माणूस शेजाऱ्याला सांगतो, ‘लाइन गेली.’ पाच शब्दांचं दोनात भाषांतर, अर्थाला धक्का न लागता.

फायलीतली मराठी एका ठिकाणी मात्र जिंकली: ‘दारिद्र्यरेषा’. ती कुणी दारिद्र्यलाइन म्हणत नाही. पण ती रेषाही बोलताना मागे पडते. ‘बीपीएलमध्ये नाव हाय का?’ त्या ‘एल’मध्ये आपली लाइन दडून बसलेली आहे. गरिबीचा शब्द एवढा आखूड झाला की त्यातली रेघ कुणाच्या नजरेलाच येत नाही. आणि अलीकडं तर लाइन आणखी एका शब्दाच्या शेपटाला लागून घरोघर शिरली: ‘ऑनलाइन’. इथं तो विशेषण नाही, नाम आहे. ‘तुमचं ऑनलाइन झालं का?’ म्हणजे विम्याचा, अनुदानाचा, ई-पीक पाहणीचा फॉर्म भरून झाला का. ‘ऑनलाइन करून आलो’ म्हणणारा माणूस त्यासाठी सेवा केंद्रासमोर तीन तास लायनीत उभा राहिलेला असतो. लाइन मिळावी म्हणून लायनीत, आणि तिथं लाइन गेली म्हणून ऑनलाइन बंद. ही कोटी मी केलेली नाही, ती आपोआप होते.

२०१७ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, शेतीला दिवसा वीज द्यायची म्हणून. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ चालू झाला. मंठ्याच्या रस्त्यानं जाताना आता वावरांत निळ्या-काळ्या पाट्या दिसतात. ज्याच्याकडं सोलर त्याला रात्री उठणं नाही, बिल नाही, डीओ नाही. त्याच्या बोलण्यातून लाइनीचं येणं-जाणंही हळूहळू कमी होतंय. मोटार ‘ऊन पडलं की चालती’. पण ढगाळ दिवसात पाणी बारीक पडतं, आणि दोन-तीन दिवस आभाळ नाहीच उघडलं तर सोलरवाला बांध ओलांडून शेजारच्या लाइनवाल्याकडं पाइप जोडायला जातो. लाइनवाला पाणी देतो, पण आधी विचारतो की गेल्या महिन्यात माझी डीपी जळाली तव्हा वर्गणीला तू का नव्हता. सोलरवाल्याकडं याचं उत्तर असतं: मला लाइनच नाही, मग वर्गणी कशाची? हा वाद सध्या चालू आहे.